टप्प्यातलं सावज

इशीच्या धनुष्यातून सुटलेला बाण दोनशे यार्डांच्या आसपास जाऊन पडत असे. हरणावर मात्र तो पन्नास यार्डांपलीकडून बाण सोडत नसे आणि खरी शिकार साधायची ती त्याहून कितीतरी जवळून. धनुष्याचा पल्ला आणि धनुर्धराचा टप्पा यांच्यामधला हा दीडशे यार्डांचा फरक मला फार सुंदर वाटतो. पारंपरिक धनुष्यानं हरणाची शिकार करण्याची सगळी कला या सोडून दिलेल्या जागेत आहे. नेम, ताकद, धनुष्याची घडण या गोष्टी लगेच नजरेत भरतात. धनुर्धरानं कुठून बाण सोडायचा नाही हे ठरवलेलं असतं, ते मात्र पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

इशी हा उत्तर कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस. गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्याच्या लोकांच्या कत्तली केल्या. त्यातून वाचलेली मूठभर माणसं डिअर क्रीक आणि मिल क्रीकच्या दऱ्याखोऱ्यांत वर्षानुवर्षं लपून राहिली. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ इशी एकटाच बाहेर आला. आल्फ्रेड क्रोबर आणि वॉटरमन या मानववंशशास्त्रज्ञांनी त्याला सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात आणलं. शेजारच्या वैद्यकीय महाविद्यालयात सॅक्स्टन पोप हा शल्यविशारद शिकवत असे. मार्च १९१६ मध्ये इशी क्षयानं गेला. मधल्या थोड्या वर्षांत पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला, बाण करायला आणि रानात वावरायला शिकला. पोपनं हे सगळं आधी १९१८ च्या ‘याही आर्चरी’ या अभ्यासात आणि मग १९२३ च्या ‘हंटिंग विथ द बो अँड ॲरो’ या पुस्तकात नोंदवून ठेवलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार थांबवली, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे मराठी वाचकाला या कलेची चव घ्यायची तर ती अशी वाचूनच घ्यावी लागते. पण वाचूनही ती पुष्कळ हाती लागते.

आधी ते धनुष्य पाहू. जुनिपरच्या लाकडाचं, जेमतेम ४२ इंच लांबीचं, मुठीशी अरुंद आणि दोन्ही बाहूंच्या मध्यावर रुंद. पाठीवर हरणाच्या कंडरांचे तंतू सरसानं चिकटवलेले. ताण सुमारे ४५ पौंड. इंग्लंडमधलं माणसाच्या उंचीचं यू लाकडाचं धनुष्य डोळ्यांपुढे आणलं, तर हे अगदीच आखूड वाटतं. पण इशी बाण सोडायचा कसा, हे पाहिलं की या आखूडपणाचं मर्म कळतं. तो बहुधा गुडघ्यावर किंवा उकिडवा बसे, धनुष्य अंगासमोर तिरपं धरी आणि दोरी अंगठ्यानं ओढून छातीपर्यंत आणी. या आसनात लांब धनुष्य जमिनीला किंवा झुडपाला अडलंच असतं. हे धनुष्य उभ्या माणसासाठी घडवलेलंच नाही. ते झुडपाआड दबा धरून बसलेल्या माणसाचं आहे, आणि दबा धरून बसणारा माणूस सावज जवळ येणार हे गृहीत धरूनच बसतो. त्याचा टप्पा त्याच्या धनुष्याच्या लांबीतच लिहिलेला आहे. हत्यार हातात घेण्याआधीच त्याच्यावर असं अंतर कोरलेलं असावं, ही घडण मला थक्क करते.

यातली दुसरी गोष्ट आवाजाची. लपून राहण्याच्या त्या वर्षांत बंदुकीचा एक बार माग काढणाऱ्यांना बोलावून आणायला पुरेसा होता. बिनआवाजी हत्यार ही याहींच्या दृष्टीनं जगण्याची अट होती. पुढे हरणाच्या कानांविषयी लिहिताना या आवाजाकडे पुन्हा यावं लागेल.

आता तो अंतर कसं कापायचा ते पाहू, कारण पोपच्या वर्णनातला सर्वांत रसाळ भाग हाच आहे. शिकारीच्या आदल्या दिवशी मासे खायचे नाहीत, तंबाखू ओढायची नाही. पहाटे ओढ्यात आंघोळ करायची, सुगंधी पाल्यानं अंग चोळायचं, तोंड खळखळून धुवायचं, पाणी प्यायचं आणि उपाशीपोटी निघायचं. वरवर वाचणाऱ्याला हे सोवळंओवळं वाटेल, आणि त्यात श्रद्धेचा भाग होताच. पण यातली एकेक गोष्ट हरणाच्या नाकाशी जोडून पाहिली की त्यातला काटेकोरपणा दिसू लागतो. शिकाऱ्याच्या अंगाचा, श्वासाचा, तोंडाचा वास जितका कमी, तितकं हरिण आणखी चार पावलं जवळ. पेंढा भरलेलं हरणाचं मुंडकं डोक्यावर घालून तो झुडपामागून मधूनच वर डोकावायचा. हरिण बिचकून पळण्याऐवजी कुतूहलानं पुढे यायचं. हरणं मीठ चाटायला येतात अशा जागी दगडांच्या आडोशामागे तो उजाडायच्या आधीच जाऊन बसायचा. सशाला बोलवायचं झालं तर दोन बोटं ओठांवर ठेवून संकटात सापडलेल्या सशासारखा केविलवाणा आवाज काढायचा, आणि खरंच ससे धावत यायचे. कधी त्या आवाजाला भुलून रानमांजरही यायचं. इशीच्या कलेतली सगळी मेहनत बाण भात्यातून निघायच्या आधीच झालेली असते. बाण सोडण्याचा क्षण तिच्या टोकाशी येतो आणि पाहणाऱ्याला तेवढाच दिसतो.

पोप आणि त्याचे मित्र सरावाला मोठाल्या गोल निशाणांवर ठरावीक अंतरांवरून बाण मारत आणि गुण मोजत. या खेळात ते लवकरच इशीच्या पुढे गेले. इशीची सरावाची रीत निराळी होती. सशाएवढी किंवा लाव्याएवढी गवताची पेंडी करायची, ती जमिनीवर ठेवायची आणि वीसेक यार्डांवरून तिच्यावर बाण सोडायचे. अशा बारक्या, जमिनीलगतच्या निशाणावर तो शिष्यांना मागे टाकी. मोठ्या निशाणात कडेला लागलेल्या बाणालाही थोडे गुण मिळतात. गवताच्या पेंडीला कडच नाही. बाण लागला किंवा चुकला, इतकंच. हरणाच्या बाबतीतही तसंच आहे, फक्त तिथे चुकलेल्यापेक्षा वाईट एक तिसरी शक्यता असते: बाण भलतीकडे लागणं. टप्पा ठरवताना धनुर्धराला झोप लागू देत नाही ती हीच शक्यता. वीस यार्डांवरची ती गवताची पेंडी इशीनं काय विचारानं निवडली हे तो बोलून गेला नसेल, पण त्या निवडीत अख्खं शास्त्र आहे.

ते शास्त्र जरा जवळून पाहण्यासारखं आहे. ४५ ते ५० पौंडांच्या लाँगबोमधून जरा वजनदार बाण सेकंदाला साधारण १७० फुटांच्या वेगानं निघतो. गोळीच्या मानानं हा वेग काहीच नाही. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी २२ यार्ड. तिच्याहून दोन यार्ड कमी अंतर कापायला या बाणाला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात तो सुमारे ६० सेंटीमीटर खाली येतो. म्हणून बाण सरळ रेषेत जात नाही, कमान घेत जातो, आणि धनुर्धराला ती कमान आधीच मनात काढावी लागते. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसांची जी जागा असते, तिचा व्यास अवघा २० ते २२ सेंटीमीटर. म्हणजे मध्यावर धरलेला नेम दहा-अकरा सेंटीमीटर वर किंवा खाली सरकला की बाण त्या जागेबाहेर.

आता समजा हरिण २५ यार्डांवर आहे आणि धनुर्धराला ते २० वर वाटलं. नेम निर्दोष, हात स्थिर, दोरी मऊ सुटलेली, तरी बाण १९ सेंटीमीटर खाली जाणार. नुसत्या अंदाजाच्या चुकीनं. हिशेब करून पाहिला तर वीस यार्डांवर फार तर तीन यार्डांची चूक खपते आणि चाळीस यार्डांवर दीड यार्डाची. उघड्या माळावर चाळीस यार्ड दीड यार्डाच्या आत ओळखणं अवघड. ओकच्या रानात, पानांच्या सावल्यांत, संधिप्रकाशात तर त्याहून अवघड. कंपाउंड धनुष्यवाल्याकडे कप्प्या असतात, नेमाच्या खुणा असतात, अंतर मोजणारं यंत्र असतं, शिवाय त्याचा बाण जवळजवळ पावणेदोन पट वेगानं जातो, त्यामुळे त्याची कमान चपटी. पारंपरिक धनुष्यावर यातलं काहीच नाही. डोळा आणि हात यांच्यामध्ये सरावाशिवाय काही उरत नाही. म्हणून जाणते धनुर्धर कमान जिथे अजून सपाटीच्या जवळ असते, तिथेच थांबतात. पंधरा यार्डांवर अंदाज थोडा हुकला तरी बाण जागा सोडत नाही. ही जागा हेरण्यात गणिताची केवढी नेमकी जाण आहे! आणि बहुतेकांनी ती कागदावर एकही आकडा न मांडता मिळवलेली असते.

पण खरी नजाकत हरणाच्या बाजूला आहे. पांढऱ्या शेपटीचं हरिण दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना फिरवू शकतं. एक कान मागच्या झुडपाकडे, दुसरा तुमच्याकडे. दोरी सुटली की तिचा आवाज बाणाच्या पुढे धावतो, कारण ध्वनीचा वेग सेकंदाला अकराशे फुटांहून जास्त. वीस यार्डांवर आवाज पोचतो सेकंदाच्या विसाव्या भागात आणि बाण येतो त्याच्या कितीतरी मागून. बाण येईपर्यंत हरिण काय करतं, हे फार थोडे लोक नीट पाहतात. ते बाण चुकवत नाही. बाण त्याला दिसलेलाही नसतो. आवाजानं दचकून ते पळण्यासाठी झेप घेतं, आणि झेप घेण्यासाठी आधी पाय दुमडून खाली दबतं. शिकारी ज्याला ‘हरणानं दोरी हुकवली’ म्हणतात, ते हेच दबणं. बाण पाठीवरून निघून जातो किंवा कण्याजवळ लागतो.

हे दबणं किती, याचाही हिशेब मांडता येतो. आवाज कानात पडल्यावर हरणाला हलायला सेकंदाच्या दीड दशांशाएवढा वेळ लागला असं धरू, आणि पाय सैल सोडून ते नुसत्या वजनानं खाली आलं असं धरू. तर बाण पोचेपर्यंत पंधरा यार्डांवर ते तीनेक सेंटीमीटर खाली आलेलं असतं, वीसवर अकरा, आणि पंचविसावर चोवीस-पंचवीस. हे आकडे सावकाश पुन्हा वाचावेत असे आहेत. पंधरावरून पंचविसावर जाताना अंतर पावणेदोन पटही होत नाही. हरणाचं सरकणं मात्र आठपटींवर जातं. टप्प्याची रेघ सरळ वाढत नाही, ती एकदम वळण घेते, आणि ते वळण बरोबर वीस यार्डांच्या आसपास आहे. इशीची गवताची पेंडी जिथे ठेवलेली होती, तिथेच.

या वळणाशी धनुर्धर जे बारीक करार करतात, ते बघण्यासारखे असतात. दोरीला ते लोकरीचे किंवा बीव्हरच्या फरचे गोंडे बांधतात, म्हणजे दोरीची थरथर त्यात जिरते आणि आवाज जाड, दबका होतो. बाण वजनदार निवडतात. तो थोडा हळू जातो खरा, पण धनुष्याची ताकद जास्त शोषतो, त्यामुळे धनुष्यात आवाज करायला उरतं कमी. वेग की शांतता, असा प्रश्न आला तर पारंपरिक धनुर्धर बहुधा शांततेच्या बाजूनं जातो. हरिण मान वर करून, कान रोखून टवकारलेलं असेल तर पंधरा यार्डही त्याला दूर वाटतात. तेच हरिण मान खाली घालून ओकची फळं खात असेल, कान सैल असतील, शेपूट हलत असेल, तर वीस यार्ड चालतात. म्हणजे टप्पा हा एक आकडा नव्हेच. समोरच्या हरणाच्या मनःस्थितीप्रमाणे तो क्षणाक्षणाला आखडतो आणि सैलावतो. जनावराचा कान वाचून स्वतःचं अंतर कमीजास्त करणारा माणूस मला कुठल्याही विक्रमवीरापेक्षा थोर वाटतो.

मिशिगनमध्ये एका परिचिताच्या घरामागे असा एक धनुर्धर मी पाहिला आहे. परसाच्या टोकाला पेंढ्याची गठडी, तिच्यावर टाचलेली जेवणाची कागदी थाळी. सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, तो शिकारीचा जाड कोट अंगात चढवून बाहेर येतो. हात-खांदे मोकळे करायचे नाहीत, आधी दोन-चार बाण मारून अंदाज घ्यायचा नाही. धनुष्य उचलतो, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकेपर्यंत दोरी ओढतो, आणि तिथे क्षणभर सगळं स्थिरावतं. पाठीचे स्नायू एकमेकांकडे ओढले जातात ते कोटावरूनही कळतं. मग बोटं उघडल्यासारखी वाटत नाहीत, दोरीच त्यांच्यातून निघून जाते, आणि हात मागे कानाकडे सरकतो. धनुष्याचा हात मात्र बाण थाळीला लागेपर्यंत तिथेच. एकच बाण. तो जाऊन थाळी पाहतो, बाण काढतो आणि घरात जातो. दुसरा बाण मारायचा मोह दिसत नाही, कारण दुसऱ्या बाणाला पहिल्याची माहिती असते आणि रानात दुसरा बाण मिळत नाही. हरणासमोर सुटतो तो नेहमी पहिला, थंड, अवघडलेल्या अंगाचा बाण. टप्पा त्या बाणाचा मोजायचा.

दुपारी तो पुष्कळ बाण मारतो, पण तो निव्वळ सराव. टप्प्याचा हिशेब सकाळच्या बाणांवर चालतो. कधी गुडघ्यावर बसून, कधी खुर्चीत वळून, कधी ओसरीच्या कठड्यावरून खाली. वीस यार्डांवरून सकाळचा बाण थाळीत बसेनासा झाला की तो एक पाऊल पुढे सरतो, आणि त्या मोसमासाठी ती त्याची हद्द. हे इतकं साधेपणानं चालतं की पाहणाऱ्याला त्यात काही विशेष वाटू नये. मला विशेष वाटली ती हीच गोष्ट, की हद्द मागे घेताना त्याला कसलाच कमीपणा वाटत नाही. शास्त्रीय गायकानं वय झाल्यावर तार षड्ज सोडून मध्य सप्तकातच राग भरून टाकावा, तशी ही समज.

मचाणावर बसतानाही त्याचं अंतर आधीच बांधलेलं असतं. झाडाच्या बुंध्यापासून तो पावलांनी मोजतो: हा वठलेला ओंडका बारा यार्ड, तो शेवाळलेला दगड सतरा, त्या बर्चच्या पलीकडे काहीच नाही. झेंडे किंवा रंगीत फिती तो लावत नाही. रानातल्याच वस्तू खुणा होतात आणि हरणालाही त्या ओळखीच्या असतात. बुंध्यापासून मोजण्यातही एक बारकावा आहे. बाण किती खाली येईल ते जमिनीवरच्या आडव्या अंतरावर ठरतं, मचाणावरून तिरकं दिसणाऱ्या अंतरावर नाही. वरून तिरका शिरणारा बाण छातीतून खाली निघतो, म्हणून तो लागायची जागाही थोडी वर धरावी लागते. बघा, एका मचाणावर चढण्यानं किती गोष्टी बदलतात, आणि तरी वर बसलेल्या माणसाला त्या डोक्यात मोजताना वेळ लागत नाही.

दोरी कधी ओढायची यातही मोठी कला आहे. हरणाचा डोळा झाडाच्या खोडाआड गेला त्या एका क्षणात. त्याला पूर्ण आडवं उभं राहू द्यायचं किंवा किंचित पलीकडे तोंड करून; अंगावर येणारं असेल तर बाण सोडायचाच नाही, कारण खांद्याचं हाड वाटेत येतं. आणखी बारीक गोष्ट अशी की जवळचा पुढचा पाय पुढे टाकलेला असावा. पाय पुढे गेला की खांदा त्याच्याबरोबर सरकतो आणि बरगड्यांची जागा उघडी पडते. एका पावलाचा फरक. जे धनुर्धर एवढं थांबू शकतात, त्यांच्या बाणाला जोराची उणीव भासत नाही, कारण बाण धक्क्यानं मारत नाही, तो कापतो, आणि धारदार फाळ बरगड्यांमधून दोन्ही फुप्फुसांतून गेला की जनावर थोड्याच अंतरावर पडतं. पोपनं इशीच्या ऑब्सिडियन या काचेसारख्या दगडाच्या फाळाची पोलादी फाळाशी तुलना करून पाहिली होती, आणि मांस कापण्यात दगडाचा फाळ सरस ठरला. इशी बाटलीच्या काचेचेही फाळ घडवत असे. ताणाच्या पौंडांपेक्षा त्याचा भरवसा धारेवर होता. हे समजलं की पंचेचाळीस पौंडांचं धनुष्य अपुरं वाटेनासं होतं.

या परंपरेत दुसरी बाजूही आहे, आणि रसिकानं ती झाकू नये. पोप स्वतः पुढे इशीच्या धनुष्यापेक्षा पुष्कळ जास्त ताणाची, इंग्लिश धाटणीची यू लाकडाची धनुष्यं वापरू लागला, आणि त्याच्या पुस्तकात लांबवरून सोडलेल्या बाणांच्या हकिकती आहेत. त्याचा जोडीदार आर्ट यंग अलास्कात गेला. यंगचा तिथला चित्रपट १९२७ साली डेट्रॉइटमध्ये पाहून फ्रेड बेअर या तरुणानं धनुष्य हातात घेतलं, आणि मग बेअरनं अमेरिकाभर धनुष्यं पोचवली. हॉवर्ड हिल तर १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटात बाण सोडणारा माणूस. त्याचे लांब पल्ल्याचे बाण अजून सांगितले जातात. विस्कॉन्सिननं १९३४ साली हरणासाठी धनुष्याचा मोसम सुरू केला. या मंडळींच्या कौशल्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण कलेच्या तराजूत मी त्यांच्या लांब बाणांना इशीच्या जवळच्या बाणाखाली ठेवतो. लांबून लागलेल्या बाणात नशीब किती आणि हात किती, हे मारणाऱ्यालाही सांगता येत नाही. पंधरा यार्डांवरून लागलेल्या बाणामागे आंघोळ आहे, उपास आहे, वाऱ्याची दिशा आहे, दगडाचा आडोसा आहे, हरणाच्या कानाचा सैलपणा आहे. आणि त्यातलं काहीही नशिबावर टाकलेलं नाही.

शेवटी एक कौशल्य राहिलं, जे कुठल्याच गुणतक्त्यात येत नाही: ओढलेलं धनुष्य परत उतरवणं. हरिण टप्प्यात आलं, दोरी ओढली, आणि तेवढ्यात त्यानं मान वर केली किंवा पुढचा पाय मागे घेतला. पन्नास पौंडांचा ताण हातात आहे, बोटं थरथरायला लागली आहेत, आणि तरी दोरी आवाज न करता, कोपर न झटकता, इंचाइंचानं मागे आणायची. कंपाउंड धनुष्यात कप्प्या ताणाचा बराचसा भार उचलतात. पारंपरिक धनुष्यात सगळा भार शेवटच्या क्षणापर्यंत बोटांवरच असतो, त्यामुळे हे उतरवणं ओढण्याहून अवघड. बरेच धनुर्धर याचा वेगळा सराव करतात: ओढायचं, स्थिरावायचं, उतरवायचं, बाण न सोडताच. मिशिगनमधला तो धनुर्धर सकाळच्या एकुलत्या एक बाणाआधी कधीकधी असं दोनदा करतो. नोव्हेंबरच्या थंडीत बोटं आखडली, हातमोजा जाड झाला, की हे उतरवणं त्याला जड जाऊ लागतं, आणि मग तो मचाणापासून सतरा यार्डांवरचा शेवाळलेला दगड आपल्या हिशेबातून काढून टाकतो. उरतो बारा यार्डांवरचा ओंडका, आणि त्याच्या अलीकडे हरिण येईपर्यंत तो बसून राहतो.